पंचविसाचा ठोकळा

गेणू पगारे याच्या कमरेला एक किल्ली असायची. मधली आठ वर्षं सोडली तर सगळी नोकरी त्यानं त्या किल्लीवर काढली, आणि ही गोष्ट आहे ती त्या मधल्या आठ वर्षांची. किल्ली होती एका थंड खोलीची. खोली होती नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेच्या तंत्रनिकेतनात, तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, जिथं नवखा माणूस मुतारी शोधत यायचा आणि चुकून दार ठोठवायचा. दारावर पाटी 'मापन प्रयोगशाळा'. गेणू तिथला सहायक.

मूळचा तो सायखेड्याचा. आयटीआयला फिटरचा कोर्स करून सत्तर साली इथं चिकटला. घर सातपूरला, बौद्ध वस्तीत, दोन खोल्या. हात सोन्यासारखा, इंग्रजी मात्र बेताचं. कानस धरली की अर्ध्या केसाचा फरक बोटाला कळायचा, पण इंग्रजी कागद आला की तो कागद ऑफिसात नेऊन द्यायचा. असा एक कागद त्यानं अगदी सुरुवातीलाच नेऊन दिला होता. त्याची गोष्ट पुढे येईल.

खोलीत एक लाकडी डबा होता. डब्यात मखमलीच्या खाचा आणि त्यांत पोलादाचे एकशे बारा ठोकळे, आरशासारखे. कुठला दहा मिलिमीटरचा, कुठला पंचवीसचा. हे ठोकळे म्हणजे मापांचं माप. बाजारातला किलो खरा की खोटा हे जसं सरकारी वजनावर ठरतं, तसं कारखान्यातलं माप खरं की खोटं हे या ठोकळ्यांवर ठरायचं, आणि तेही मायक्रॉनमध्ये. माणसाच्या डोक्याच्या केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन भरते. म्हणजे एक मायक्रॉन किती, ते आपलं आपण समजून घ्यावं.

एवढा मौल्यवान डबा, पण उघडायचा वर्षातून एकदा. तपासणी समिती यायची त्या दिवशी. सकाळी वातानुकूलन यंत्र चालू करायचं. साहेब लोक आले की गेणू दोन ठोकळे घ्यायचा, एकावर एक सरकवून दाबायचा, आणि ते गोंदाशिवाय, चुंबकाशिवाय एकमेकांना घट्ट चिकटायचे. वरचा धरून उचलला की खालचा लटकायचा. साहेब म्हणायचे, "वा." समितीच्या फॉर्मात एकच रकाना होता, वस्तू आहे की नाही. 'आहे' लिहायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. मग गेणू ठोकळ्यांना व्हॅसलीन लावून डबा बंद करायचा, पुढल्या वर्षापर्यंत. ती वस्तू वापरता का, हे विचारायला फॉर्मात जागाच नव्हती, तर विचारणार कोण?

इकडे सातपुरात काय चाललं होतं? मोठे कारखाने आले होते, आणि त्यांच्या आसऱ्यानं पत्र्याच्या शेडमध्ये दोन-दोन लेथ टाकून बसलेली माणसं. यांनी पार्ट बनवायचे, मोठ्यांनी घ्यायचे. पण घेताना मोठा कारखाना मोजायचा मायक्रॉनमध्ये, आणि शेडवाल्याकडे मोजायला जे होतं ते चोरबाजारातून आणलेलं. लॉटच्या लॉट परत यायचे. का परत आले ते कळायचंही नाही.

त्र्याहत्तर साली असाच एक लॉट परत आलेला घेऊन मल्हारी खोलीच्या दारात उभा राहिला. मल्हारी गेणूचा आयटीआयचा सोबती, मखमलाबादच्या माळ्याचा मुलगा. घरचे झेंडू-शेवंती पिकवायचे, यानं मळा सोडून सातपुरात शेड टाकलेली. शेडमध्ये तो स्वतः आणि ग्राइंडरवर सहादूबाबा, साठीकडे झुकलेला मुरलेला कारागीर.

"गेणूभाऊ, ह्या पिना नाकारल्या," मल्हारी म्हणाला. "मला एवढंच सांग, मी चुकतोय का ते चुकतायत."

गेणूनं कॉरिडॉरमध्ये दोन्हीकडे पाहिलं आणि त्याला आत घेतलं. डब्यातून पंचवीसचा ठोकळा काढला, बारीक फरक काट्यानं दाखवणाऱ्या डायलखाली ठेवला, काटा शून्यावर आणला. मग ठोकळा काढून तिथं पिन ठेवली. काटा अकरा रेघा सरकला.

"तू चुकतोयस," गेणू म्हणाला. "अकरा मायक्रॉननं. नऊपर्यंत चालतं."

मल्हारीला वाईट वाटायला हवं होतं, पण तो हसला. किती चुकतोय हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी आकड्यात सांगितलं होतं.

तेव्हापासून शनिवार ठरला. शनिवारी सातपूरची वीज बंद, शेडना सुट्टी, आणि तंत्रनिकेतनात दुपारी प्रॅक्टिकल नसायचं. दोन वाजता मल्हारी यायचा. एका शनिवारी त्यानं शेजारच्या शेडवाल्याला आणलं, त्यानं आपल्या मेव्हण्याला. पंचाहत्तर साल उजाडेपर्यंत तीस शेडची माणसं जिन्यामागे रांग लावून बसायला लागली, फडक्यात पार्ट गुंडाळून. गेणू प्रत्येकाची नमुन्याची एक पिन डायलवर तपासून द्यायचा. ती नमुन्याची पिन शेडमध्ये न्यायची, आठवडाभर तिच्या मापानं बाकीच्या घासायच्या. गेणूनं कधी चहासुद्धा घेतला नाही. घ्यायची भीती वाटायची हेही खरं. प्राचार्य भला माणूस, पण शनिवारी त्र्यंबकेश्वरला जायचा आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"लोकांच्या पिना मोजा," शकुबाई, म्हणजे गेणूची बायको, घरी म्हणायची. "घरात डाळ किती उरली ते मोजायला मात्र सवड नाही."

गेणू उठून डाळीचा डबा बघायचा. पण आपण हलके नाही, आपल्यावाचून तीस शेडचं अडतं, हे त्याला आतून फार आवडायचं.

आणि नेमकी इथंच माशी शिंकली.

शहात्तर सालची खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये लेथची, भात्याची पूजा चालू होती. दुपारी मल्हारी आला, मागे सहादूबाबा आणि चार-पाच शेडवाले. मल्हारीच्या हातात मळ्यातल्या झेंडूचा हार, सहादूबाबाच्या हातात ताट, नारळ, हळद-कुंकू. म्हातारा म्हणाला, "गेणू, आमच्या मिशिनी पुजल्या. पर पोटाला लावलं ते तुझ्या डब्यानं. त्याचं दर्सन घेऊ दे."

गेणूनं पूजा-अर्चा कधीच सोडलेली. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात हळद फक्त भाजीत. त्याचा त्याला अडथळा नव्हता, ज्याची त्याला लखलाभ. अडथळा वेगळाच होता. ओलं कुंकू पोलादाला लागता कामा नये, हे त्याला झोपेतही माहीत होतं. नुसता घामेजला हात लागला तरी तो ठोकळा दोनदा पुसायचा.

पण मखमलाबादचे माळी त्याच्या दारात ताट घेऊन उभे होते. त्याचा आजोबा सायखेड्याच्या पाणवठ्यावर ताटकळत उभा राहायचा, असंच कुणी वरून पाणी ओतील म्हणून. आणि आज हे लोक त्याच्या हातचा डबा पुजायला आले होते. गेणूला भरून आलं. नाही म्हणायला हवं होतं तिथं त्यानं डबा उघडला.

सहादूबाबानं बोट बुडवलं आणि मधोमध असलेल्या पंचवीसच्या ठोकळ्याला टिळा लावला. बाकीच्यांनी नमस्कार केला. प्रसाद वाटला. गर्दी निघाली, तेवढ्यात वर्कशॉपमधून हाक आली, गेणू डबा बंद करून धावला, आणि मग दसऱ्याची सुट्टी लागली.

चौथ्या दिवशी डबा उघडला तेव्हा कुंकू वाळलं होतं. पुसलं, तर खाली तांबूस डाग. गंज.

प्राचार्यांनी पाहिलं तर? समिती जानेवारीत. गेणूनं दार लावलं, अगदी बारीक पॉलिश पेपर घेतला, तेलाचा थेंब टाकला आणि काचेवर ठोकळा हलक्या हातानं फिरवला. दहा फेऱ्या, पंधरा फेऱ्या. डाग गेला. ठोकळा पुन्हा आरशासारखा झाला, त्यात गेणूला स्वतःचं तोंड दिसलं.

आता एक काम उरलं होतं, दोन मिनिटांचं. तो ठोकळा मोजून पाहायचं. डब्यातलाच पंधराचा आणि दहाचा जोडला की पंचवीस होतात, त्याच्याशी ताडून पाहिलं की झालं. हे गेणूला न सुचण्यासारखं नव्हतं. त्यानं पाहिलं नाही, कारण काय दिसेल याची त्याला भीती वाटली. ठोकळा खाचेत ठेवला आणि झाकण लावलं. शनिवारी त्याच ठोकळ्यावर मल्हारीची नमुन्याची पिन तपासून दिली; पंचवीसचं काम तेव्हा त्याच्याकडेच होतं.

दिवाळी झाली आणि एका शनिवारी मल्हारी तोंड पाडून आला. चारशे पिनांचा लॉट गेला होता, त्याची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. नव्वद परत आल्या. बारीक आहेत म्हणून.

"सहादूबाबाची नजर गेली," मल्हारी म्हणाला. "नमुना चोख, तू दिलेला. म्हणजे घासणाराच चुकला ना? सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. जड गेलं रे, पण काय करू?"

ठोकळ्यावर शंका घ्यायची असते, हे मल्हारीच्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी गेणूनं बाकीच्यांना वातानुकूलन बिघडलंय म्हणून परत पाठवलं. सगळे गेल्यावर त्यानं पंधराचा आणि दहाचा जोडला, काटा शून्यावर आणला, आणि मग पंचवीसचा ठेवला. काटा चार रेघा खाली उतरला. पुन्हा केलं. पुन्हा चार.

ठोकळा चार मायक्रॉन कमी, म्हणजे नमुना चार मायक्रॉन कमी, म्हणजे म्हाताऱ्यानं आठवडाभर इमानानं घासलेली प्रत्येक पिन तेवढीच कमी. नऊ मायक्रॉनच्या कडेवरच्या नव्वद पिना त्यातच गेल्या. कुंकू सहादूबाबाचं होतं खरं. पण पॉलिश पेपर गेणूचा होता, आणि न मोजणंही गेणूचंच होतं.

तो तडक शेडवर गेला आणि मल्हारीला सगळं सांगितलं. मल्हारीनं शेडचं दार ओढून घेतलं.

"कुणाला बोललास?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग बोलू नकोस." मल्हारीनं आवाज खाली आणला. "नीट ऐक. हे बाहेर फुटलं तर आम्ही तिथं येतो हेही फुटेल. खोलीला टाळं लागेल. तीस शेड आहेत, गेणू. पंधरा-दहा जोडून आपलं काम चालू राहील. सहादूबाबाला मी वाऱ्यावर सोडणार नाही, मळ्यात झेंडू तोडायला ठेवतो. आताच त्याला कामावर परत घेतलं तर कारखान्याला काय सांगू? त्यांनी कारण मागितलंय, आणि कारागीर बदलला हे मी लिहून दिलंय."

मल्हारी वाईट नव्हता, आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. एकीकडे एक म्हातारा, दुसरीकडे तीस शेड. गेणू आठवडाभर हे मनात घोळवत राहिला, आणि दर वेळी त्याला तीस शेडच जड वाटल्या. त्यात आपली खोलीही आहे, हे तो मोजताना धरायचा नाही.

पुढच्या रविवारी तो सहादूबाबाकडे गेला, फक्त म्हातारा बरा आहे ना ते बघायला. सहादूबाबा सातपूर गावात एका खोलीत राहायचा, लेक लंकाबाई जवळ. म्हातारा ओट्यावर बसून सुईत दोरा ओवत होता. ओवायचा, काढायचा, पुन्हा ओवायचा. नाकावर नवाकोरा चष्मा.

"डाक्टरकडं नेलं व्हतं," लंकाबाईनं सांगितलं. "डाक्टर म्हंतो, बाबा, तुमची नजर माझ्यापरीस चांगली हाय. तरी ह्यांनी बाजारातनं चष्मा आणला. त्यानं उलट दिसत नाय नीट."

"मग कशाला घालता?" गेणूनं विचारलं.

"डाक्टर काय, मला बरं वाटावं म्हणून बोलंल," सहादूबाबा म्हणाला. "चाळीस वर्सं घासतोय मी. हाताला तर बराबर लागत व्हतं बघ. पर नमुना तुझा, अन् पिना बारीक. मंग चूक माझीच. तुझा ठोकळा लबाड बोलंल व्हय?"

आणि त्यानं पुन्हा दोरा काढून घेतला.

गेणू उठला. त्याला लाज वाटत होती, साधी सरळ लाज. घरी येऊन त्यानं मुलीच्या वहीतला एक कागद फाडला आणि लिहिलं: 'आमच्या खोलीतला पंचवीसचा ठोकळा चार मायक्रॉन कमी आहे. गंज काढताना माझ्या हातून झाला. मल्हारी यांची नमुन्याची पिन त्यावर तपासली. कारागिराची चूक नाही.' खाली पूर्ण सही, हुद्दा, तारीख. दुसऱ्या दिवशी तोच आकडा एका कार्डावर लिहून डब्यातही ठेवला: '२५ चा, चार कमी.'

"सही तरी करू नका," शकुबाई म्हणाली.

"सही नसली तर तो कागद कोण मानील?"

मल्हारीनं कागद वाचला, घडी घातली, आणि कारखान्यात नेऊन दिला. तेवढं त्यानं केलं. कारखान्याच्या तपासनीसानं तो मानला, लॉट पुन्हा करून द्यायला सांगितलं, आणि सोमवारी सहादूबाबा ग्राइंडरवर बसला. चष्म्याशिवाय. पण तपासनीस पडला नेमका माणूस. त्यानं तंत्रनिकेतनाला नम्र पत्र पाठवलं, आपला एक ठोकळा सदोष असल्याचं कळतं, कृपया लक्ष घालावं.

प्राचार्यांनी गेणूला बोलावलं. ते ओरडले नाहीत. "पगारे, नोकरीवरून काढत नाही, मुलंबाळं आहेत तुम्हाला," एवढं म्हणाले आणि हात पुढे केला. गेणूनं कमरेची किल्ली सोडून त्या हातावर ठेवली. डब्याला लाखेचं सील लागलं. समितीला यापुढे सील लावलेला डबा दाखवायचा असं ठरलं, आणि समितीचं काही बिघडलं नाही. फॉर्मात 'आहे' लिहून झालं. गेणूची बदली भांडारात, खडू आणि ड्रॉइंगचे कागद वाटायला.

पहिले काही शनिवार शेडवाले येऊन गेले. टाळं बघायचे आणि फडकं बगलेत मारून परत जायचे. मग यायचे थांबले. तिसांतल्या काही शेड पुढल्या दोन-तीन वर्षांत मिटल्या. त्या टाळ्यामुळेच मिटल्या असं कुणी म्हणू नये, धंद्याला कारणं शंभर असतात. मल्हारी तगला. त्यानं नंतर अंबडला मोठी जागा घेतली. गेणू खडू वाटत राहिला. आपल्या हातून एक ठोकळा कायमचा मेला, हे मात्र त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

चौऱ्याऐंशी साली संस्थेनं त्याच आवारात इंजिनियरिंगचं पदवी महाविद्यालय काढलं, विद्यापीठाशी संलग्न. यादव नावाचे नवे विभागप्रमुख आले, चाळिशीतले, झपझप चालणारे. त्यांच्याबरोबर विद्यापीठाची एक योजना आली, कॉलेजच्या प्रयोगशाळा आसपासच्या लघुउद्योगांना खुल्या करायच्या. मांडवात उद्घाटन झालं. ज्ञान आणि उद्योग यांची सांगड घातल्याशिवाय नाशिकचा विकास होणार नाही, असं पाहुणे पाऊण तास सांगत होते. खुर्च्या गेणूनंच लावल्या होत्या. तो मागे उभा राहून ऐकत होता, आणि सांगड म्हणजे जिन्यामागची रांगच ना, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी यादव सरांनी त्याला थंड खोलीत बोलावलं. सील फोडलेलं होतं, डबा उघडा होता, आणि सरांच्या हातात ते कार्ड.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो सर." गेणूला वाटलं, जुनं मढं पुन्हा उकरणार.

"कशावरून चार?"

"पंधरा-दहा जोडून ताडलं. दोनदा."

सरांनी शेजारची एक फाइल पुढे केली. आत पिवळा पडलेला इंग्रजी कागद, डब्याबरोबर परदेशातून आलेला. गेणूनं तो ओळखला. सत्तर साली त्यानंच तो ऑफिसात नेऊन दिला होता.

"हे बघा," सर म्हणाले. "एकशे बारा ठोकळे, आणि प्रत्येकापुढे त्याची चूक लिहिलीय. हा एवढा जास्त, हा एवढा कमी. जगात एकही ठोकळा अगदी बरोबर नसतो, पगारे. किती चुकीचा आहे ते ठाऊक असलं की झालं, तेवढं हिशेबात धरायचं. यांच्या चुका बारीक आहेत, तुमची चारची ठसठशीत आहे, एवढाच फरक. तुमचं कार्ड म्हणजे हाच कागद आहे."

गेणूनं बोटानं रकाना शोधला. पंचवीसच्या ठोकळ्यापुढे, अगदी नवा कोरा होता तेव्हाचीही, एक बारीकशी चूक लिहिलेली होती.

"म्हणजे सर," तो म्हणाला, "खोली बंद करायची गरज नव्हती?"

सर नवे होते, त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. "बंद?" ते म्हणाले. "बंद कशाला करायची?"

गेणूनं स्टूल ओढलं आणि न विचारता त्यांच्यासमोर बसला. असं तो नोकरीत कधी बसला नव्हता.

संध्याकाळी तो सहादूबाबाकडे गेला. म्हाताऱ्यानं आता काम सोडलं होतं, ओट्यावर उन्हाला बसायचा. गेणूनं त्याला सगळं सांगितलं, कुंकवापासून त्या पिवळ्या कागदापर्यंत. कुंकवाचं आजवर कधी सांगितलं नव्हतं. सहादूबाबानं ऐकून घेतलं. रागावला नाही, रडलाही नाही.

"म्हंजी टाळं उगाच लागलं व्हतं," तो म्हणाला. "त्येच्यामागारी मी पिना अंदाजानंच घासल्या रं गेणू. लय भ्या वाटायचं. परत्येक लॉटला वाटायचं, आता पुन्हा म्हंतील म्हातारा आंधळा झाला."

गेणू अंधार पडायच्या आत उठला.

शनिवारी दोन वाजता त्यानं थंड खोली उघडली. यादव सरांनी दिलेली किल्ली पुन्हा कमरेला होती. जिन्यामागे पाच माणसं फडकी घेऊन उभी होती, दोन ओळखीची, तीन नवी. गेणूनं पंधराचा आणि दहाचा काढून बाजूला ठेवला, मग ते परत खाचेत घातले आणि पंचवीसचा उचलला. कार्ड डायलला टेकवून ठेवलं, चार धरून काटा शून्याच्या चार रेघा खाली लावला, आणि पहिल्या माणसाला म्हणाला, "आण तुझी पिन."